धुऱ्यावरची हजेरी

८ जुलै १९७९, रविवार

तालुक्याहून साहेबांचं पत्र. यंदा जगभर बालक वर्ष चालू आहे म्हणे. जगभर जानेवारीपासून चालू, आणि आमच्या सिरसटोल्याला जुलैत कळतं. असो. शेतावर कामाला येणाऱ्या बायांच्या लहान मुलांना अपघात होऊ नये म्हणून दर गावात एक जबाबदार इसम नेमायचा आहे. सरपंच मधुकररावांनी पंचायतीच्या सभेत पत्र वाचलं आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हात वर केला. नंतर कळलं, माझ्या डोक्यामागं भिंतीवर घड्याळ आहे.

तरी झालं ते योग्यच. मी पोलीस पाटील, मॅट्रिक (नापास, पण फक्त इंग्रजीत), अकरा एकर धान, पाण्याची स्वतःची बोडी, आणि घरात दोन वर्षांचा नातू पिंटू. लेकरांचा अनुभव माझ्याइतका कोणाला असणार? घरी सांगितलं तर गिरजाबाई म्हणे, तुम्ही पिंटूले कडेवर कधी घेतलं होतं ते आठवते का. आठवत नाही. पण प्रश्न सुरक्षेचा आहे, कडेचा नाही. तीस वर्षं माझ्यासोबत संसार करून बाईला एवढं कळत नाही.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

९ जुलै

आठला उठलो. पाऊस नाही, उठून काय करणार.

१७ जुलै, मंगळवार

पाऊस एकदाचा आला. धानाचा रोवणा सुरू. माझ्या मोठ्या बांधीत चौदा बाया चिखलात वाकून एकेक रोप करत पऱ्हे लावून राहिल्या. मी पद सांभाळून लेकरांकडे पाहिलं. आजवर कधी पाहिलं नव्हतं, तेच बरं होतं.

बांधी आणि बोडी यांच्या मधल्या उंच धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. त्याखाली नऊ लेकरं. दोन फांदीला टांगलेल्या झोळीत, चार चिखलात, आणि तीन चक्क कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून मोहाच्या बुंध्याला बांधलेली. बकरीसारखी. त्यातलं एक ती पट्टी चोखत बसलं होतं. राखायला आनंदाबाई. वय सत्तरीपुढं, कमरेतून कायमची वाकलेली, रोवण्याच्या कामाची राहिली नाही, म्हणून गावातल्या बाया वर्षानुवर्षं लेकरं तिच्या हवाली करतात आणि हंगाम संपला की सूपभर धान देतात. तोंडात तंबाखू. नऊच्या नऊ नाकं ती एकाच पदरानं पुसते. माझ्यासमोर पुसली. एक, दोन, तीन. चौथ्याला मी तोंड फिरवलं.

माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला या आठवड्यात दहा वर्षं होतात, आणि आमच्याकडे लेकरं झाडाला बांधतात. किळस आली. घरी येऊन लिंबूपाणी घेतलं. जेवण गेलं नाही. (संध्याकाळी दोन भाकरी जास्त गेल्या.)

संकल्प: दोरी बंद. आणि बोडीला बोराटीच्या काट्यांचं कुंपण. बोडी माझीच आहे, मोहापासून जेमतेम वीस पावलं, सध्या कमरेभर पाणी. उद्याच माणूस लावतो.

१८ जुलै

माणूस आला नाही. उद्या.

२० जुलै, शुक्रवार

आनंदाबाईला शांतपणे समजावलं की बाई, हा अत्याचार आहे. ती म्हणे, पाटील, हे दोरी मीनं सोता चालून मोजली हाये, सावली सोडत नाई अन पाण्याले पोचत नाई. मोजमाप मला सांगते. मी तलाठ्यासोबत शिवारात साखळी ओढलेला माणूस.

मी म्हणालो, मूल मोकळं वाढलं पाहिजे. त्यावर म्हातारी चौदा बायांच्या देखत म्हणे, तुलेबी याच झाडाले बांधत होती मी, मोकळाच तं वाढला. सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या आणि हसल्या. एरवी दिवसभर सरळ होत नाहीत.

ही गोष्ट खोटी आहे. खरी असली तरी तेव्हा मी पाटील नव्हतो.

२१ जुलै, शनिवार

आनंदाबाईला कामावरून मोकळं केलं. बायांची कुरकुर. त्यातही बेबीबाई फार. तिची दोन वर्षांची पोरगी यमी, बांधलेल्या तिघांतली एक. बेबीबाई म्हणे, पाटील, माह्या यमीले पाय नाई, चाकं हायेत, हात सुटला का पाण्याकडे. मी म्हणालो, मूल निरोगी आहे, आनंदाची गोष्ट. ती म्हणे, आनंद तुमचा, पोरगी माही. वर बोलायची सवय लागली आहे सगळ्यांना.

आता राखणार कोण? शाळेच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, मला शाळा आहे. शाळेत चौऱ्याऐंशी पोरं आणि गुरुजी पेपर वाचत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. मग सरपंचांच्या गोपीचंदला विचारलं, मॅट्रिक पास, रिकामा. त्याला धुऱ्यावर खुर्ची, छत्री आणि दोन वेळा चहा पाहिजे. म्हणालो, लग्नाला बसतोस की कामाला? निदान बोडीचं कुंपण तरी घाल. तर म्हणे, काटे रुततात. हे उद्याचे नागरिक.

शेवटी तात्पुरतं काम मीच घेतलं. दोन-तीन दिवसांत बसवून दाखवतो. नऊ लेकरं म्हणजे काय मोठं?

२३ जुलै, सोमवार

पहिला दिवस. व्यवस्था अशी: एक, रजिस्टर. प्रत्येक मुलाला नंबर. यमी चार. दोन, शिट्टी. पोलीस पाटलाची आहे, सरकारी. एकदा वाजली की बसायचं, दोनदा वाजली की माझ्याजवळ यायचं. तीन, झाडाभोवती चुन्याची रेघ. रेघेबाहेर जायचं नाही. दोरी नाही, मारझोड नाही, फक्त शिस्त.

साडेनऊला रेघ मारली. पावणेदहाला तीन पोरं रेघ चाटत होती. तोंडं धुतली. स्वतःच्या हातांनी. आतापर्यंत नाक, तोंड आणि बाकीचं सगळं मला लांबूनच माहीत होतं. एवढ्याशा देहातून इतकं निघतं कुठून, हे देवच जाणे. माझा पांढरा सदरा आता पांढरा नाही.

दहाला शिट्टी वाजवली. लेकरं पळाली. बायांना वाटलं न्याहारीची सुट्टी झाली, त्या धुऱ्यावर येऊन बसल्या. त्यांना परत चिखलात उतरवायला अर्धा तास गेला.

सुरुवात म्हणून वाईट नाही. कुंपण उद्या नक्की.

२४ जुलै

रात्री पाऊस. चुन्याची रेघ वाहून गेली. चुना परत आणायला जीव धजेना, पोरांना चव लागली आहे.

आनंदाबाई आज बोडीच्या पारावर येऊन बसली. टोपली घेऊन, पाण्यात पाय सोडून. विचारलं, इथं काय काम? म्हणे, खेकडे धरून राहिली. मी म्हणालो, बोडी माझी आहे. तर म्हणे, बोडी तुही, पन खेकड्याइले का तू जन्म देल्ला? अशा बाईशी काय बोलायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी जात. बसू दे. मी लक्ष देत नाही.

२६ जुलै

फुटाण्यांचा उपाय काढला. खिशात फुटाणे, बसणाऱ्याला दोन दाणे. उत्तम चाललं. सगळे बसतात. फक्त दाणे संपले की सगळे उठतात, आणि दाणे माझ्या खिशात आहेत हे त्यांना माहीत आहे. आता नऊच्या नऊ माझ्या अंगावर असतात. यालाच निगराणी म्हणतात. नंबर सात माझ्या मांडीवर बसून जे करायचं ते करून गेला. धोतर बदलायला घरी जावं लागलं. गिरजाबाई दारात उभी होती. नाक दाबून तिनं बादली पुढं केली.

गावात या वयाचं शिक्षण म्हणजे शून्य. किळस येते.

३० जुलै

रोज दर अर्ध्या तासाला हजेरी घेतो आणि वेळ टाकून सही करतो. आतापर्यंत एकशे चार वेळा नऊ. एकदाही चूक नाही. आनंदाबाईच्या काळात असा कागद होता का? विचारलं तिला. ती म्हणे, कागद कायले, पोरं डोळ्यापुढं असाची. अडाणीपणा अंगात मुरला की असं होतं. आठ दिवस पारावर बसून तिच्या टोपलीत खेकडे दोन. कामाची काडीची आच नाही. नजर सारखी माझ्याकडे.

कुंपण राहिलंच. पण आता मी स्वतः हजर असताना काट्यांची गरज काय? शिवाय काटे मुलांना रुततील. हा मुद्दा आधी सुचायला पाहिजे होता.

२ ऑगस्ट, गुरुवार

साहेब स्वतः राजदूतवर पाहणीला आले. सोबत फोटोवाला. मुलांना फुटाण्यांवर बसवलं होतं. साहेब भाषणात म्हणाले, मुलं ही देवाघरची फुलं. मग फुलांच्या नाकातून जे वाहत होतं ते पाहून त्यांनी भाषण आवरलं. रजिस्टर मात्र नीट पाहिलं. म्हणाले, जिल्ह्यात असं रजिस्टर नाही. तेवढ्यात बेबीबाई चिखलातून ओरडून म्हणाली, साहेब, रजिस्टर पाह्यलं तं ते बोडीबी पाहून घ्या. साहेबांनी विचारलं, बोडी कशी काय? मी म्हणालो, कुंपणाचं काम प्रगतीपथावर आहे. साहेबांनी लिहून घेतलं.

फोटोत मी मध्ये, मुलं दोन्ही बाजूंना. यमी फोटोत नाही, ती तेव्हा साहेबांच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरकडे निघाली होती. आनंदाबाईनं पारावरून हाक मारली म्हणून थांबली. आगाऊपणा. मी शिट्टी वाजवणारच होतो.

७ ऑगस्ट, मंगळवार

१०.०० — नऊ. ठीक.

१०.३० — नऊ. ठीक. नंबर दोन आणि पाच यांनी एकमेकांवर चिखल फेकला. समज दिली.

१०.५० — सून चंद्रकांता बायांची न्याहारी घेऊन आली. कडेवर पिंटू. म्हणाली, मामाजी, मी बायाइले वाढून येते, तेवढा वेळ याले पाहा. पिंटूला शिट्टी दिली. पाटलाचा नातू, पहिल्याच फुंकरीला आवाज काढला. ऊर भरून आला.

११.१० — नऊ. ठीक.

११.४० — नऊ. ठीक. आज एकसुद्धा मूल रडत नाही. असा निवांतपणा या धुऱ्यावर पूर्वी कधी नव्हता. ही व्यवस्था आहे. हे लोकांना दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

७ ऑगस्ट, संध्याकाळ

नीट, क्रमानं लिहितो. मन शांत आहे.

पावणेबाराच्या सुमाराला बोडीकडून आवाज आला. पाहिलं तर आनंदाबाई कमरेभर पाण्यात, हातात काहीतरी धरलेलं, निथळत. मनात म्हटलं, म्हातारीला शेवटी काहीतरी सापडलं. मोठा मासा असेल.

ती यमी होती.

डोळे वर. ओठ काळे. म्हातारीनं पारावर बसून तिला मांडीवर पालथी टाकली आणि पाठ दाबली. पाणी निघालं, मग चिखल, मग फुटाणे. माझ्या खिशातले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग ती रडली. बेबीबाई बांधीतून पळत आली, चिखलात दोनदा पडली, तिच्या मुठीत पऱ्ह्याची जुडी तशीच होती. पोरीला छातीशी धरलं तरी जुडी सुटली नाही, दुसऱ्या बाईनं बोटं उकलून काढली.

मी पोचलो तेव्हा माझ्या हातात रजिस्टर होतं. ते मी बेबीबाईला दाखवलं. म्हणालो, हे पाहा, अकरा चाळीस, नऊ, सही. ही इथून गेलीच नव्हती. होय, असं मी म्हणालो. पोरगी समोर भिजून थरथरत होती आणि मी असं म्हणालो. बेबीबाईनं रजिस्टरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चंद्रकांता आली, पिंटूला उचललं, झाडाखालच्या पोरांवर नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, मामाजी, तुम्ही पिंटूलेबी मोजलं का?

आठ आणि एक नऊ. म्हणजे अकरा दहालाही आठच होती. अर्धा तास. नाही, अर्धा तास पाण्यात नव्हती, नाहीतर... आनंदाबाई म्हणे, पोरगी झाडामागून वाकडी गेली, बेसरमाच्या झुडपात बसून काय खेळत होती कोणास ठाऊक, अन तिथूनच एकदम पाण्यात. दिसली तशी मी उतरली.

जेवलो नाही. भीती वाटली. लिहून खोडलं होतं, परत लिहिलं.

८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी बांधीत एकही बाई नाही. अर्धी बांधी रोवलेली, अर्धी रिकामी.

कालच्या प्रकाराचा तटस्थपणे विचार केला. दोष असे: साहेबांनी बोडीची पाहणी नीट केली नाही. चंद्रकांतानं नोंद न करता जादा मूल आणून ठेवलं. गोपीचंदनं कुंपण घातलं नाही. फुटाणेवाल्यानं फुटाणे निकृष्ट दिले, त्यानं मुलांचं मन रमलं नाही. बोडी आजोबांनी धुऱ्याजवळ खणली. माझी चूकही शोधली, प्रामाणिकपणे. सापडली नाही.

बाया दोन दिवसांत येतील. जाणार कुठं?

१० ऑगस्ट

आल्या नाहीत. पऱ्हे जून होऊन राहिले, गुडघ्याला लागतात. आणखी आठ दिवसांनी लावले तरी फुटवा येणार नाही. सायकलनं आंधळगावला गेलो, तिथल्या बाया बोलवायला. चौकात एका बाईनं विचारलं, आपलाच नातू मोजणारे पाटील तुमीच का? बातमी माझ्या सायकलच्या आधी पोचली होती. चहा न पिता परत आलो. येताना चेन पडली. लोकांची मनं किती घाण असतात, ते अशा वेळी कळतं.

१२ ऑगस्ट, रविवार

साहेबांना अहवाल पाठवला. दोन पानं, स्वच्छ अक्षर. 'रोवण्याच्या काळात एक बालिका पाण्यात पडली असता प्रसंगावधान राखून तिचे प्राण वाचवण्यात आले.' यात खोटं काय? वाचवण्यात आलेच. कोणी वाचवले, हा व्याकरणाचा भाग झाला.

गिरजाबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं, ते मी कोणाला सांगू?

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडावंदन. साहेबांकडून शाबासकीचं पत्र आलं आहे, असं सरपंचांनी कालच कळवलं होतं. धुतलेला सदरा घातला. सरपंचांनी सगळ्या गावासमोर पत्राला जोडून आलेला माझा अहवाल वाचायला घेतला. मला वाटलं फक्त शाबासकी वाचतील. त्यांनी पूर्ण वाचला.

समोर बाया बसलेल्या. बेबीबाईच्या मांडीवर यमी. पोरगी अजून खोकते. वाचून झालं, टाळ्या नाहीत. बेबीबाई उठून म्हणाली, सरपंच, पाण्यात कोन उतरलं होतं तेबी वाचा. सरपंचांनी कागद उलटापालटा करून पाहिला, म्हणाले, इथं तर लिहिलेलं नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. या वेळी मागं घड्याळ आहे का, ते मी वळून पाहिलं. मागं फक्त झेंड्याचा बांबू होता.

मी म्हणालो, अहवालात जागा उरली नाही. तेवढ्यात यमी परत खोकली. पुढचं भाषण गुरुजींनी केलं. काय केलं, ऐकलं नाही.

किळस हा शब्द या वहीत मी फार वापरला. आज घरी येऊन आरशात पाहून सदरा काढला, तेव्हा परत आठवला.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

आनंदाबाईच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. एक खोली, शेणानं सारवलेली, स्वच्छ. दारात वाळत घातलेले लुगड्याच्या पट्ट्यांचे तुकडे, धुतलेले. तिनं पाणी दिलं. तांब्या तिच्या हातचा होता, मी प्यायलो.

काय बोलायचं ते येताना चार वेळा पाठ केलं होतं. परत ये, एवढंच म्हणता आलं. ती म्हणे, मी कोठी गेलती? मी तं तेथीच होती. मग म्हणे, बाया मनातून मोडल्या हायेत पाटील, त्याइले तूच विचार. मी म्हणालो, त्या माझ्याशी बोलत नाहीत. ती म्हणे, तं गिरजीले पाठव.

तिला एवढं विचारायचं राहिलं होतं की खेकडे आवडतात का. विचारलं. म्हणे, मले खेकडं पचत नाई, दहा वर्षं झाली. यात विशेष काही नाही. म्हातारी माणसं काहीही करतात. पण घरी येईपर्यंत दोनदा रस्ता चुकलो, आणि गावात रस्ता एकच आहे.

१८ ऑगस्ट

गिरजाबाई बायांकडे जाऊन आली. निरोप चंद्रकांताकरवी कळवला. बाया सोमवारी येतील. अटी दोन. एक, लेकरं आनंदाबाई राखेल, तिच्या पद्धतीनं. दोन, लेकरं धुऱ्यावर असेपर्यंत पाटलानं धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

दुसरी अट अपमानाची आहे. बांधी कोणाची? पण पऱ्ह्यांसाठी मान्य केली. शिवाय वरच्या अधिकाऱ्यांनी जागेवर नसावंच, मुख्यालयात बसून कारभार पाहावा. घराची ओसरी हेच मुख्यालय. रजिस्टर, शिट्टी, सगळं इथं.

बोडीचं कुंपण बायांच्या नवऱ्यांनी आज दुपारी घातलं. दोन तास लागले. मी सूचना देणार होतो, पण तेव्हा मी झोपलो होतो.

२० ऑगस्ट, सोमवार

रोवणा परत सुरू. परवा पोळा, त्याआधी बांधी होऊन जाईल म्हणतात. पहाटेच उठून ओसरीत बसलो. आज काही काम नव्हतं, तरी आंघोळ लवकर केली. सदरा धुतलेला.

गिरजाबाई उठल्याबरोबर स्वतःचं जुनं लुगडं काढून फाडत बसली. लांब पट्टी. मी विचारलं, हे कोणासाठी? ती दहा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणे, पिंटूसाठी. आज मलेबी पऱ्हे लावाले जाणं हाये, बाया कमी हायेत. पाटलीण चिखलात उतरते म्हणजे काय, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.

चंद्रकांता पिंटूला काजळ लावून, टोपी घालून निघाली. मी म्हणालो, सूनबाई, एवढ्या चिखलात लेकराला कशाला नेतेस, घरीच राहू दे. ती माझ्याकडे पाहून थांबली, पदर सावरला, आणि अंगण उतरली. फाटकापाशी बेबीबाई यमीला घेऊन उभी होती. तिनंही तेच विचारलं, सूनबाई, पाटलाच्या नातवाले कायले आणून राहिली बांधीवर?

चंद्रकांता म्हणाली, आज घरी याले पाहाले कोनीच नाई ना.

मी ओसरीतच बसलो होतो.